मानेवरची न दुखणारी गाठ: घरी काय पाहावे, डॉक्टरांकडे कधी जावे

दाढी करताना किंवा गळ्यातले मंगळसूत्र सारखे करताना बोटाला गाठ लागते आणि ती दाबून दुखत नाही म्हणून माणूस निर्धास्त होतो. खरे तर घसा धरल्यावर, दाढ किडल्यावर किंवा डोक्यात उवा-फोड झाल्यावर सुजलेली लसीका ग्रंथी (शरीरात जंतूंशी लढणारी छोटी गाठ) बहुधा हुळहुळी असते आणि मूळ दुखणे गेले की काही आठवड्यांत ओसरते. उलट क्षयाची गाठ, जिला जुनी माणसे गंडमाळ म्हणतात, आणि कर्करोगाची गाठ सुरुवातीला सहसा दुखतच नाही. चरबीची गाठही दुखत नाही, पण ती मऊ असते आणि वर्षानुवर्षे जवळपास तेवढीच राहते.

आरशासमोर उजेडात बसावे, मान सैल सोडावी आणि बोटांच्या पेरांनी जबड्याखाली, कानामागे, मानेच्या दोन्ही बाजूंना आणि शेवटी गळ्याखालच्या आडव्या हाडावरच्या खळग्यात हलकेच चाचपावे. या खळग्यातली गाठ लहान असली तरी दाखवावीच, कारण तिचे मूळ छातीत किंवा पोटातही असू शकते. मग पाण्याचा घोट घ्यावा. गिळताना गळ्यासमोरची गाठ वर सरकली, तर ती बहुधा थायरॉईडची असते. तारीख आणि आकार (मटारएवढी की सुपारीएवढी) लिहून ठेवावा आणि रोज दाबत बसू नये, कारण दाबून दाबून ती जागा सुजते व अंदाजच चुकतो.

गाठ दोन-तीन आठवड्यांत ओसरली नाही, वाढत गेली, दगडासारखी टणक किंवा जागेला चिकटल्यासारखी लागली, अनेक गाठी एकमेकींत गुंतल्या, संध्याकाळचा बारीक ताप, रात्रीचा घाम किंवा वजनातली घट सोबत असली, तर आणखी वाट पाहू नये. चाळिशीपुढच्या माणसाने, विशेषतः तंबाखू, गुटखा किंवा मिश्रीची सवय असल्यास, थेट कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जाऊन तोंड आणि घसाही तपासून घ्यावा. तोंडातला न भरणारा व्रण किंवा बसलेला आवाज आवर्जून सांगावा. श्वास अडत असेल किंवा थुंकीही गिळता येत नसेल, तर त्याच क्षणी रुग्णालय गाठावे.

तोवर गाठीवर बिब्बा लावू नये, डाग देऊ नये. त्याने कातडी भाजते आणि तपासणी अवघड होते. दुकानातून स्वतःच आणलेल्या स्टेरॉईडच्या गोळ्यांनी तर गाठ तात्पुरती बसून निदान लांबते.

डॉक्टर बहुधा सोनोग्राफी आणि सुईची तपासणी (बारीक सुईने गाठीतल्या पेशी काढून पाहणे) सुचवतात. सुई लावली की गाठ पसरते, ही भीती घरोघरी ऐकू येते, पण तिच्यापायी तपासणी टाळण्यात मोठा धोका आहे. सुईतून पुरेसे कळले नाही, तर गाठ किंवा तिचा तुकडा काढून तपासतात. क्षय निघाल्यास औषधे सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात आणि उपचार साधारण सहा महिने चालतो. या काळात गाठ मध्येच थोडी फुगली, तरी गोळ्या आपल्या मनाने बंद करू नयेत, डॉक्टरांना दाखवावे.