दारात झुडूप लावण्याआधी गोठा, बांध आणि माती पाहा

मृगाचा पाऊस पडून गेला की तालुक्याच्या रस्त्याकडेला रोपांचे टेम्पो उभे राहतात. पेरणीची धांदल उरकत आलेली असते, नव्या घराचं अंगण मोकळं पडलेलं असतं, आणि घरातल्या कुणाला तरी फुललेली जास्वंद किंवा लालभडक एक्झोरा आवडतो. चार रोपं घरी येतात. शेतात नवं वाण लावायचं तर आपण माती बघतो, पाण्याचा हिशेब करतो, आधी लावलेल्याला विचारतो. अंगणातल्या झुडपासाठी मात्र फक्त फूल बघितलं जातं. शेतकऱ्याच्या घराचं अंगण शेताला लागूनच असतं. तिथल्या झुडपावरची कीड बांध ओलांडते, तिथला पाला जनावराच्या तोंडात जातो. म्हणून यंदा लागवड करताना या बाजूने आधी विचार करा, रंग नंतर निवडा.

सुरुवात गोठ्यापासून. कण्हेर हे आपल्याकडचं सर्वांत काटक फुलझाड. मुरमाड जमीन, कडक ऊन, समुद्राचा खारा वारा, सगळं सोसतं आणि जवळजवळ वर्षभर फुलतं. महामार्गाच्या दुभाजकात ते उगाच लावलेलं नाही. पण त्याचं पान, फूल, साल, मूळ, सगळं विषारी आहे. थोडा पाला पोटात गेला तरी जनावराच्या हृदयावर परिणाम होतो आणि उपचाराला वेळ मिळत नाही. उभ्या झाडाला गाय-म्हैस सहसा तोंड लावत नाही, कारण चव कडू असते. धोका छाटणीनंतर असतो. छाटलेल्या फांद्या गोठ्यामागे टाकल्या जातात, दुसऱ्या कडब्यात मिसळतात, आणि भुकेलं जनावर खाऊन टाकतं. पाला वाळला तरी विष जात नाही. म्हणून गोठा आणि घर एकाच आवारात असेल तर कण्हेर लावूच नका, असं माझं स्पष्ट मत आहे. आधीपासून असेल तर छाटणी जनावरं बांधलेली असताना करा आणि फांद्या खड्ड्यात पुरा. चुलीत घालू नका. पिवळ्या कण्हेराच्या बिया, ज्यांना आपण बिट्ट्या म्हणतो, मुलं खेळायला घेतात. त्या त्याहून घातक. मुलाने बी चावली असा नुसता संशय आला तरी घरगुती उपाय करत बसू नका, थेट दवाखाना गाठा आणि बी किंवा डहाळी सोबत न्या.

रंगीत फुलांची घाणेरी हल्ली सुधारित, बुटकी म्हणून कुंड्यांतून विकली जाते. तिचा पाला खाल्लेल्या जनावरांना कावीळ होते, उन्हाने कातडी सोलवटते. शिवाय आपल्या माळरानांवर आणि डोंगरउतारांवर तिने गवताची केवढी जागा खाल्ली आहे हे गुराख्यांना विचारा. ती दारात आणू नका.

आता बागेचं. विदर्भातल्या संत्रा पट्ट्यात, आणि जिथे जिथे मोसंबी किंवा कागदी लिंबाच्या बागा आहेत तिथे, बंगल्याभोवती कामिनीचं कुंपण करायची पद्धत वाढते आहे. कामिनी म्हणजेच कुंती. झाड देखणं, पानं चकचकीत, पावसाच्या सरीनंतर फुललं की सगळं आवार सुगंधी होतं. पण कुंती संत्र्याच्याच कुळातली आहे आणि सिट्रस सायला या किडीचं ते अतिशय आवडतं घर आहे. ही कीड नुसता रस शोषत नाही, ग्रीनिंग रोग एका झाडावरून दुसऱ्यावर नेते, आणि त्या रोगावर खात्रीचा इलाज नाही. सायला अंडी घालते ती कोवळ्या नवतीवर. संत्र्याला नवती ठरावीक बहाराला येते, मधल्या काळात किडीची उपासमार होते. कुंपण म्हणून सारखी कातरलेली कुंती मात्र दर छाटणीनंतर कोवळे शेंडे देत राहते, म्हणजे किडीला बाराही महिने खाद्य. तुम्ही बागेत फवारण्यांवर खर्च करता आणि किडीची पुढची पिढी घराच्या फाटकापाशी तयार होते. बाग घरालगत असेल तर कुंतीऐवजी मेंदी किंवा तगर लावा. मेंदी पाण्यावाचून तगते, कातरून दाट होते आणि तिच्या बारीक फुलांनाही गोड वास असतो. परसातला कढीपत्ता याच कुळातला. तो काढा असं कुणी म्हणणार नाही, पण त्याच्या शेंड्यांवर लक्ष ठेवा आणि कोवळी पानं सारखी स्वयंपाकाला खुडत राहा.

कापूस पट्ट्यात हेच जास्वंदीला लागू आहे. कापूस, भेंडी आणि जास्वंद एकाच कुळातली. २००६-०७ च्या आसपास कपाशीवर पिठ्या ढेकणाने जो धुमाकूळ घातला तो अनेकांच्या लक्षात असेल. कपाशी उपटल्यावर हा ढेकूण मरत नाही, गाजरगवतावर आणि जास्वंदीवर उन्हाळा काढतो. गणपतीला वाहायचं फूल घरचं हवं हे मला पूर्ण पटतं, त्यामुळे जास्वंद लावू नका असं सांगत नाही. पण एक-दोन झाडं लावा, वीस झाडांचं कुंपण नको. आठवड्यातून एकदा शेंडे आणि पानांच्या बेचक्या उलटून बघा. कापसासारखा पांढरा पुंजका दिसला की तो शेंडा खुडून जाळा आणि बाकीच्या झाडावर पाण्याचा जोरकस फवारा मारा. खोडावर मुंग्यांची रांग असेल तर समजा ढेकूण आलाच, कारण त्याच्या चिकट स्रावासाठी मुंग्या त्याला जपतात आणि इकडून तिकडे नेतातही. जास्त असेल तर ५ टक्के निंबोळी अर्क, किंवा हवा दमट असताना व्हर्टिसिलियम लेकॅनी (किडीला मारणारी जैविक बुरशी) लिटरला ५ ग्रॅम, संध्याकाळी फवारा. जहाल कीटकनाशक दारात नकोच. त्याने ढाल किडे आणि परोपजीवी गांधीलमाश्या आधी मरतात, आणि ढेकूण त्याच्या मेणाखाली शाबूत राहतो. जास्वंदीला युरिया टाकायची सवयही सोडा. कोवळा लुसलुशीत पाला वाढला की किडीला आमंत्रणच.

माती हा विषय मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण सर्वांत जास्त पैसे इथे वाया जातात. अनंत आणि एक्झोरा (कोकणात पिटकुळी म्हणतात तो) ही आम्लधर्मी मातीची झाडं. रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या, गोव्याच्या जांभ्या मातीत ती विशेष काही न करता बहरतात. तीच रोपं सोलापूर, लातूर, जळगावच्या चुनखडीयुक्त काळ्या मातीत लावली की दुसऱ्या वर्षी पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. लोकांना वाटतं खत कमी पडलं. खरं तर लोह मातीत असतं, चुन्यामुळे ते मुळांना घेता येत नाही. लिटरभर पाण्यात ५ ग्रॅम हिराकस आणि १ ग्रॅम सायट्रिक आम्ल मिसळून पानांवर फवारलं तर महिना-दोन महिने हिरवेपणा येतो, पण ज्या बोअरचं पाणी घालता तेच क्षारयुक्त असेल तर दुखणं परत येतं. काळ्या मातीत अनंत हवाच असेल तर तो मोठ्या कुंडीत लावा, लाल माती आणि पालापाचोळ्याचं खत भरा, आणि पागोळ्यांचं पाणी पिंपात साठवून तेच घाला. चुलीतली राख त्याला कधीही घालू नका, मोरीचं साबणाचं पाणीही नको.

काळ्या मातीत विनातक्रार येणारी झाडं कमी नाहीत. तगर, मेंदी, बोगनवेल, कोरांटी, पारिजातक ही नावं मी आधी घेईन. तगरीला अर्धी सावली चालते, त्यामुळे घराच्या पूर्वेला किंवा उत्तरेला, जिथे बाकीची झाडं फुलायला कुरकुरतात, तिथे ती लावा. कोरांटी थंडीत फुलते आणि त्या काळात पूजेच्या फुलांची चणचण असते. बोगनवेलीला मात्र पूर्ण ऊन आणि पाण्याची ओढ हवी. लाड करून रोज पाणी घातलेली बोगनवेल नुसती पाल्याने भरते, रंग दिसत नाही. भारी काळ्या जमिनीत कुठलंही झुडूप खोल खड्ड्यात बसवू नका. पावसाळ्यात तो खड्डा हौद होतो आणि मुळं कुजतात. वीतभर उंच उंचवटा करून त्यावर लावा. कोकणात कातळ फोडून केलेल्या खड्ड्याचंही तसंच होतं. खड्डा भरून पाणी घाला आणि ते किती वेळात उतरतं ते बघा. सकाळी घातलेलं पाणी संध्याकाळीही तसंच असेल तर उताराच्या बाजूला चर काढून वाट करून द्या, नाहीतर जागा बदला.

आणखी एक सुचवतो. आपल्या सह्याद्रीत रानोमाळ वाढणारी धायटी घरी लावलेली फार कमी दिसते. हिवाळा संपता संपता तिच्या फांद्या तांबड्या फुलांनी भरून जातात आणि शिंजीर पक्षी दिवसभर तिथे असतात. उतारावरची, मुरमाची, पाणी न देता येणारी जागा असेल तर तिच्याइतकं चांगलं झुडूप नाही. जंगलातून उपटून आणू नका, ती जगत नाही आणि ते योग्यही नाही. वनविभागाच्या किंवा देशी झाडांच्या रोपवाटिकेत चौकशी करा. कुंपणाला अडुळसा आणि निर्गुडीचाही विचार करा. शेळ्या-गुरं त्यांना फारसं तोंड लावत नाहीत आणि फाटा खोचला की लागतो.

जागा ठरवताना आजचं रोप बघू नका. आज हातभर असलेली जास्वंद तीन-चार वर्षांत माणसाच्या डोक्यावर जाते आणि चार-पाच फूट रुंद होते, म्हणून दोन रोपांत किमान पाच फूट सोडा. भिंतीपासून तीन-चार फूट, पारिजातक असेल तर आठ-दहा फूट. पागोळ्या जिथे पडतात ती ओळ टाळा. रातराणी निजायच्या खोलीच्या खिडकीखाली नको, तो वास अनेकांना रात्री डोकं धरायला लावतो. आणि घरालगतच्या प्रत्येक झुडपाच्या खालच्या फांद्या फूटभर काढून टाका, बुंध्याची जमीन उघडी दिसली पाहिजे. पावसाळ्यात सापाला दाट, ओला आडोसा हवा असतो आणि तो आपण दारात द्यायचं कारण नाही.

रोप घेताना फुलांनी लगडलेलं घेऊ नका. तळाशी दोन-तीन फुटवे असलेलं, पानांच्या मागे स्वच्छ असलेलं रोप निवडा. पिशवीच्या तळातून जाड मूळ बाहेर आलं असेल तर आत मुळांची गुंडाळी झालेली आहे, तेही नको. आंध्रातल्या कडियमच्या रोपवाटिकांतून आपल्याकडे पुष्कळ माल येतो, आणि बरीच रोपं चिकट मातीच्या घट्ट गोळ्यात असतात. तो गोळा तसाच पुरला तर पावसाळाभर रोप टवटवीत दिसतं, मुळं मात्र गोळ्याबाहेर पडतच नाहीत. गोळा बादलीत तासभर भिजवून बाहेरची माती हलक्या हाताने सुटी करा, मग लावा.

लागवड आर्द्रा-पुनर्वसूत करा, जमीन हात-दीड हात ओली झाल्यावर. पहिल्या वळवावर घाई नको. दीड फूट लांब-रुंद-खोल खड्ड्याला दोन घमेली पूर्ण कुजलेलं शेणखत आणि पाव किलो निंबोळी पेंड पुरते. अर्धकच्चं शेणखत टाकलं तर हुमणीच्या अळ्या आणि वाळवी सोबत येतात. रोप पिशवीत जेवढं मातीत होतं तेवढंच जमिनीत ठेवा, त्याहून खोल नाही. कोकणात आषाढातल्या धुवाधार पावसात लावण्यापेक्षा श्रावणात, उघडीप मिळायला लागल्यावर लावलेली रोपं चांगली धरतात.

विकत घेण्याआधी शेजारी बघा. तगर, जास्वंद, मेंदी ही फाट्यांवर येतात आणि त्याला आत्ताचीच हवा लागते. पेन्सिलीएवढ्या जाडीचा, वीतभर लांबीचा, चार डोळ्यांचा फाटा डोळ्याच्या खाली तिरका कापा, वरची दोन पानं ठेवून बाकीची काढा आणि दोन डोळे मातीत जातील असा सावलीत खोचा. मूळ धरलं का ते बघायला उपटू नका. नवी पालवी मूळ फुटण्याआधीही येते, त्यामुळे तीवरून अंदाज बांधू नका. दीड-दोन महिने तिथेच राहू द्या.

छाटणीबद्दल आत्ता एवढंच. जास्वंद नव्या फांदीवर फुलते आणि छाटल्यावर कळ्या यायला दोन-अडीच महिने लागतात. गौरी-गणपतीला फुलं हवी असतील तर आता कात्री लावू नका. मोडलेली किंवा वाळलेली फांदी काढलीच तर जखमेवर बोर्डो मलम लावा. १०० ग्रॅम मोरचूद आणि १०० ग्रॅम कळीचा चुना वेगवेगळे भिजवून, प्लास्टिकच्या भांड्यात एकत्र करून एक लिटर करा. लोखंडी भांडं वापरू नका. मोगऱ्याची छाटणी डिसेंबर-जानेवारीत, आणि त्याआधी पाणी तोडायचं.

पावसाळ्यात लावलेली झुडपं बहुतेक पावसाळ्यात मरत नाहीत, ऑक्टोबरमध्ये मरतात. तीन-चार महिने वरच्या वर पाणी मिळाल्याने मुळं उथळच राहिलेली असतात, आणि पाऊस गेल्यावर ऊन एकदम चटका देतं. तोवर घरातले सगळे सोयाबीनच्या काढणीत आणि रब्बीच्या तयारीत गुंतलेले असतात. म्हणून सप्टेंबरच्या अखेरीला, हातात वेळ असतानाच, प्रत्येक झुडपाभोवती आळं करून चार बोटं जाड सोयाबीनचं जुनं काड किंवा पालापाचोळा पसरा, खोडाला चिकटवू नका. बुंध्यापासून हातभर अंतरावर एक जुनं मडकं तळाला छिद्र पाडून, वात घालून पुरा. आठवड्यातून दोनदा ते भरलं की पुरतं, आणि ते काम घरातलं दहा वर्षांचं मूलही करू शकतं.