सांकेतिक निरोपाला एकच मॅट्रिक्स

मॅट्रिक्सने (आकड्यांच्या चौकोनी तक्त्याने) निरोप लपवणं सोपं, उलगडताना मात्र व्यस्त मॅट्रिक्स (पहिल्याचं गणित उलटवणारं) काढावं लागतं आणि अपूर्णांकांत जीव जातो. त्यापेक्षा स्वतःचंच व्यस्त असलेलं मॅट्रिक्स घ्या: पहिली ओळ 2, 3, दुसरी −1, −2.

1. क=1, ख=2 असे क्रमांक द्या. ‘घर’ म्हणजे 4 आणि 27. (काना-मात्रा सोडा, वाचणारा लावून घेतो.)
2. 2×4 + 3×27 = 89; −4 − 2×27 = −58. हेच पाठवा.
3. समोरच्याने 89, −58 वर तेच गणित केलं की 4, 27 परत.

मोठ्या निरोपात अक्षरं दोन-दोन घ्या; विषम असतील तर शेवटी 0 जोडा.

नवी किल्ली, म्हणजे नवं मॅट्रिक्स हवं? पहिली ओळ 4, 5, दुसरी −3, −4 चालते.

पासवर्ड, पिन यासाठी मात्र नको. अक्षरांच्या दोन जोड्या आणि त्यांचे पाठवलेले आकडे कळले तरी किल्ली बहुधा सापडते.