‘काका, ई-वे बिल दाखवता का?’

सीएच्या आर्टिकलशिपच्या, म्हणजे ऑडिट फर्ममधल्या उमेदवारीच्या, पहिल्याच एप्रिलमध्ये मी एक क्वेरी गिळली. शंका आली, विचारली नाही.

क्लायंटचं गोदाम भिवंडीला, ऑफिस मस्जिद बंदरच्या एका जुन्या इमारतीत. जिना चढतानाच मिरचीचा ठसका लागायचा. विक्रीचं वाउचिंग, म्हणजे नोंदी कागदांशी ताडून बघणं, माझ्याकडे होतं. एक बिल ३० मार्चचं, जीएसटी धरून ११.८० लाखांचं. मागे टाचलेल्या ई-वे बिलावर (माल हलवतानाचा जीएसटीचा कागद) तारीख २ एप्रिल. म्हणजे विक्री जुन्या आर्थिक वर्षात, माल निघालेला नव्या वर्षात. पेन थांबलं. पण समोर अकाउंटंट काका, माझ्या वयापेक्षा जास्त वर्षं त्याच खुर्चीत बसलेले. विचारलं आणि कारण अगदीच साधं निघालं तर? टिक मारली, पान उलटलं.

दोन दिवसांनी सिनियरने फाइल उघडली. “ही तारीख दिसली नाही तुला?”

“दिसली होती.”

तो ओरडला असता तर बरं झालं असतं. त्याने फक्त स्टॉकचे कागद मागवले. बिलातली खोकी ३१ मार्चच्या मोजणीतही होती, आणि त्या दिवशी भिवंडीला मोजायला मीच गेले होते! तोच माल विक्रीतही आणि शिल्लक साठ्यातही. म्हणजे जीएसटी वगळता १० लाखांचा नफा कागदावर फुकटचा वाढलेला.

त्या रात्री डोंबिवली लोकलमध्ये दाराशी उभी राहून मी सीए सोडायचं पक्कं केलं होतं. मराठी माध्यम, शिवाय घरात आधी कुणी सीए नाही. बरोबरची मुलं क्लायंटशी फाडफाड इंग्रजीत बोलायची आणि आत्मविश्वास म्हणजे तेच, असं मी धरून चालले होते. पुढे कळलं, त्यातली निम्मी मुलं डेफर्ड टॅक्सचं नाव निघालं की पाणी प्यायला उठायची.

सिनियरने मला धीर वगैरे दिला नाही. म्हणाला, “मत विचारू नकोस, कागद माग.” हे मी प्रत्येक नव्या आर्टिकलला सांगते. ‘ही नोंद चुकीची आहे का?’ विचारायला छाती लागते. समोरचा बिथरतो, आपण तिथेच गळपटतो. ‘याचं ई-वे बिल दाखवता का?’ याला काहीच लागत नाही. कारण साधं निघालं तर उत्तम, ते लिहून ठेवायचं. आणि खुशाल मराठीत विचारा. मुंबईतली कितीतरी अकाउंट्स खाती मराठी-हिंदी-गुजरातीच्या खिचडीवर चालतात. मी क्वेरी आधी वहीत मराठीत लिहायची, ईमेल नंतर.

मोजणीचंही तसंच. पहिल्या वर्षी स्टोअरकीपरने यादी दिली, तो बोट दाखवत गेला, मी टिका मारत गेले. हे म्हणजे चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या. (माणूस सज्जन होता, म्हण जरा जास्तच झाली.) आता अर्धी मोजणी यादीवरून मालाकडे आणि अर्धी मालावरून यादीकडे. कोपऱ्यातलं कुठलंही खोकं उचलायचं, यादीत शोधायचं. थप्पी बाहेरून भरलेली दिसली तरी मधली दोन-चार खोकी काढायला लावायची, आत पोकळी असू शकते. आणि शेवटच्या गेटपासचा (माल बाहेर सोडायच्या चिठ्ठीचा) नंबर टिपल्याशिवाय गोदामातून निघायचं नाही. मी तो टिपला असता तर ते बिल तिथेच सापडलं असतं.

अभ्यासात किंग्स्टन कॉटन मिलचा १८९६ चा खटला येतो. ऑडिटर मॅनेजरच्या स्टॉक सर्टिफिकेटवर विसंबले आणि सुटले. आज तेवढ्यावर निभावत नाही. साठ्याची रक्कम मोठी असेल तर एसए ५०१ (एसए म्हणजे ऑडिटचं मानक) मोजणीला हजर राहायला सांगतं. उलट एसए २०० हेही मान्य करतं, की ऑडिटरची खात्री उच्च असते, शंभर टक्के नसते. हे वाक्य परीक्षेसाठी मी कितीदा घोकलं होतं, पण ते माझ्यासाठीही आहे हे फार उशिरा लक्षात आलं. आपल्या हातात राहतो तो वर्किंग पेपर: काय पाहिलं, काय विचारलं, काय उत्तर मिळालं. एसए २३० नुसार त्या कामाशी संबंध नसलेल्या अनुभवी ऑडिटरलाही तो कळायला हवा. रात्री अडीचला ‘आपण ते बघितलं होतं ना?’ म्हणून जाग येते, तेव्हाही उपयोगी पडतो.

पुढच्या वर्षी पुन्हा मस्जिद बंदर. काकांनी गठ्ठा आधीच काढून ठेवलेला. “मॅडम, मार्चच्या शेवटच्या आठवड्याची सगळी ई-वे बिलं. बघून घ्या.”

बघितली. सगळी नीट होती. पण मार्चमध्ये दाखवलेली विक्री एप्रिलमध्ये गुपचूप परत फिरवली, तर ती क्रेडिट नोटेत दिसते. मग म्हटलं, “काका, आता एप्रिलमधल्या क्रेडिट नोटाही द्या ना.”

काकांनी चष्मा काढला, पुसला, आणि पोऱ्याला चहा सांगितला.