तळ्यात माशांचं घर उतरवण्याआधी

माशांचं घर म्हणजे माशांना लपायला तळ्यात ठेवलेला आडोसा. मिरग लागायच्या आत तो उतरवायचं काम उरकायचं. मे महिन्यात तळं आटून पाणी मांडीपर्यंत येतं, तेव्हा आत उतरून हाताने ठेवता येतं. नंतर काठावरच्या जांभ्यावर पाय ठरत नाही. दोरीला हात-हातावर गाठी मारा, टोकाला दगड बांधा आणि तळ मोजून घ्या. सगळ्यात खोल डबका नको. गाळालगत पहाटे प्राणवायू कमी पडतो, तिथे मासा थांबत नाही. उन्हाळ्यातही ओला राहील असा उतार बघा.

सामान फारसं नाही: रंगाच्या रिकाम्या 10 लिटरच्या सहा-सात बादल्या, सिमेंट, रेती, खडी, अर्ध्या इंची पीव्हीसी पाईपचे हातभर तुकडे आणि नायलॉनची दोरी. दोरीवर कंजुषी करू नका. पहिल्या वर्षी मी घर म्हणून माणग्याची, म्हणजे बांबूची, मोळी तारेने आवळली, पण चिऱ्याला बांधली सुतळीने. सुतळी कुजली, मोळी वर आली, आणि गणपतीला आलेले पाहुणे विचारत होते, ‘होडी कधी घेतलीत?’

तेव्हापासून बादलीच. ओल्या काँक्रीटमध्ये पाईप तिरके, चहूबाजूंनी खोचायचे, बोटं फाकवल्यासारखे. त्याआधी पाईपला पॉलिश पेपर घासा, गुळगुळीत प्लॅस्टिकवर शेवाळ लवकर धरत नाही. रोहू ते शेवाळ खरवडून खातो. पाईपला भोकंही पाडा, म्हणजे हवा अडकायची नाही. ठिबकचा काळा पाईप उरला असेल तर तोही खोचा. तो पाण्यात तरंगतो, त्यामुळे झुडपासारखा उभा राहतो. भरलेली बादली साधारण 24 किलो होते, पण पाण्यात 14 किलोच भासते, तेव्हा अर्धवट भरून चालणार नाही. आठवडाभर पाणी मारा, मग आणखी आठवडाभर पिंपात बुडवून दोनदा पाणी बदला, सिमेंटचा चुना उतरला पाहिजे.

ओल्या पाल्याच्या फांद्या टाकू नका, कुजताना त्याच प्राणवायू खातात. कुंपणाचा शेर तर अजिबात नको, त्याच्या चिकाने मासे मरतात. शेततळ्यात प्लॅस्टिकचा कागद असेल तर बादल्यांखाली गोणपाटाच्या दोन घड्या अंथरा.

रोहू-कटला साठलेल्या पाण्यात वीण करत नाहीत, त्यामुळे या घराने माशांची संख्या वाढेल ही आशा सोडा. हा आडोसा आहे, विकत आणलेल्या बोटुकलीला, म्हणजे बोटाएवढ्या पिल्लांना, खंड्या-पाणकावळ्यापासून. तळ्यात मोठी मरळ असेल तर आधी ती काढा, नाहीतर तिचीच सोय व्हायची.

सगळ्या बादल्या एकाच कडेला ठेवा, ओढजाळं फिरवायला उरलेला तळ मोकळा हवा. खूण म्हणून तेलाचा रिकामा कॅन बांधा, पण दोरी श्रावणातल्या भरल्या पाण्याच्या मापाची. मेच्या मापाने बांधलीत तर जुलैत कॅनच बुडालेला असेल.