कालनिर्णयच्या चौकटीत मावेल एवढंच : लहान मुलाची वाढ घरी कशी टिपावी

भोसरीच्या एका कारखान्यात मी चौदा वर्षं क्वालिटीत आहे. व्हर्निअर, मायक्रोमीटर, गेज आणि दर तासाला रीडिंग. माझी सेकंड शिफ्ट जवळजवळ कायमची. बायको सकाळी आठ वीसला बँकेत जायला निघते, मी पावणेदोनला स्वारगेटला कंपनीची बस धरतो. मधले पाच तास घरात आमची ठकी आणि मी. ठकी हे घरातलं नाव. वय आज तीन वर्षं नऊ महिने.

सुरुवातीला मोबाइलमधल्या ॲपवर नोंद ठेवायचो. ॲप विचारायचं, 'मूल वाक्यात बोलतं का?' मी 'हो' दाबायचो, पडद्यावर फुगे उडायचे. एकदा डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "सांगा बरं तिचं एखादं वाक्य." मला एकही आठवेना. घरी येऊन ॲप काढून टाकलं आणि स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर दुधाच्या हिशेबाशेजारी लिहायला लागलो. चौकट लहान असते, त्यामुळे पाल्हाळ लावता येत नाही. रोज लिहायची गरज नाही. नवीन काही दिसलं तरच.

लिहिताना घडलं ते लिहायचं, मत नाही. कामावर नवीन पोरगं तयार भागाच्या रिपोर्टात 'जॉब बरा वाटतो' असं लिहितं, त्यालाही मी हेच सांगतो. 'हट्टी झालीय' हे रीडिंग नव्हे. 'ब्रश नको म्हणून मोरीत बसली, दहा मिनिटांनी आपणहून उठली' हे रीडिंग. ऑगस्टात अशा चार नोंदी झाल्या, आणि पान बघताना लक्षात आलं की चारही वेळा आदल्या दिवशी तिची दुपारची झोप बुडाली होती. 'हट्टी' असं चार वेळा लिहिलं असतं तर हे कधीच कळलं नसतं.

सगळ्यात जास्त नोंदी बोलण्याच्या होतात. ॲपमधल्या याद्या इंग्रजीवरून केलेल्या. मराठी बोलणारं मूल नेमकं कुठे अडखळतं आणि कुठे उडी मारतं, ते त्यात सापडत नाही. ठकी मध्ये महिनाभर म्हणत होती, "आई बँकेत जाली", "मी चित्र करलं". घरात असं कोणी बोलत नाही, म्हणजे हे तिनं ऐकलेलं नाही. बस-बसली, उठ-उठली, मग जा-जाली: नियम तिचा तिनं काढला. ही चूक नोंदवून ठेवावी अशी असते. 'जाली नाही, गेली म्हण' असं टोकत बसू नका. "हो, आई गेली बँकेत" एवढं उत्तर पुरतं.

मग वेळेचे शब्द. मागचा गणपती, सकाळचा नाश्ता आणि साताऱ्याच्या आजीची दिवाळी, तिच्या लेखी सगळं 'काल'. 'परवा' तर मोठ्यांनाही फसवतो, कारण तो मागेही जातो आणि पुढेही. 'परवा गेलो' की 'परवा जाऊ' हे क्रियापदावरूनच कळतं. वेळेचे शब्द पाच वर्षांपर्यंत हळूहळू जागेवर बसतात. 12 डिसेंबरच्या चौकटीत माझ्याकडे लिहिलंय, 'उद्या नाही, परवा जाऊ. बरोबर वापरला.' आणि 'आपण' नि 'आम्ही' यातला फरक! "आम्ही बागेत जाणार, तू कंपनीत जा," असं मला तोंडावर ऐकवलं. मला अचूक वगळलं होतं. वाईट वाटलं, पण नोंद लगेच केली.

उच्चारांचं म्हणाल तर 'र' आणि 'ळ' उशिरा येतात. आमच्याकडे अजून "बाबा, केलं दे" म्हणजे केळं द्यायचं असतं. घरच्यांना सगळंच कळतं, म्हणून घरच्यांचं मत इथे धरू नका. भाजीच्या गाडीपाशी मूल पुढे करा आणि स्वतः दोन पावलं मागे थांबा. तुम्ही दुभाषाचं काम न करता मावशींना बहुतेक बोलणं कळलं पाहिजे, ही तिसऱ्या वर्षाची अपेक्षा. एखाददुसरं अक्षर बोबडं असलं तरी चालतं.

हातापायांचं काम सोपं आहे, कारण ते दिसतं. तिसऱ्या वर्षाच्या आसपास मूल जिना चढताना एका पायरीवर एकच पाऊल टाकायला लागतं; उतरताना तसं जमायला चौथं उजाडतं. हे आपल्या इमारतीच्या जिन्यावर बघा, पुण्याच्या पर्वती टेकडीवर नको. मी ती चूक केली. पर्वतीच्या 103 पायऱ्या इतक्या रुंद आहेत की एका पायरीवर माझीही दोन पावलं पडतात. ठकी तिथे दोन पावलांनीच चढणार, आणि मी उगाच आठवडाभर चिंतेत. बोटांसाठी सध्या मटाराचा हंगाम आहे, त्याहून चांगली परीक्षा नाही. शेंग अंगठ्यानं दाबून फोडते का, दाणे एकेक उचलते का, आणि किती तोंडात जातात. बटणं आधी काढता येतात, लावणं नंतर जमतं. चपला उलट्या घातल्या तर घालू द्या.

चित्रात अवयव मोजा. चार वर्षांचं मूल साधारण तीन किंवा जास्त अवयवांचा माणूस काढतं. डोक्यातूनच पाय फुटलेले असतील तर घाबरू नका, बहुतेक मुलं आधी तसंच काढतात. ठकीनं माणसाआधी गणपती काढला: डोकं, सोंड, दोन पाय. मी चार धरले.

एक मात्र करू नका. पाहुण्यांसमोर "दाखव बरं काकांना" म्हणू नका. सासुरवाडीला मी रंग ओळखायला लावले, ठकी उशीत तोंड खुपसून बसली. इन्स्पेक्टर शेजारी उभा राहिला की ऑपरेटरचाही हात चुकतो. घरी मात्र तीच जुने गेटपास तिकिटं म्हणून फाडते आणि "पुढे सरका, पुढे सरका" ओरडत खुर्च्यांची पीएमटी चालवते. ही खोटीखोटी बस आणि तिच्यातले प्रवासी हीसुद्धा मोठी नोंद आहे.

आता उंची-वजन. तीन महिन्यांतून एकदा पुरे. दोन वर्षांनंतर उंची उभ्यानं मोजतात: अनवाणी, टाच, कुल्ले नि पाठ भिंतीला टेकलेली, नजर समोर, डोक्यावर पाटी काटकोनात. आणि केस मोकळे! माझ्या नोंदीत जूनमध्ये 97 सेंटिमीटर आणि सप्टेंबरमध्ये 96.2. मूल आखडलं कसं? जूनमध्ये डोक्यावर कारंजासारखा पोनी होता. चौदा वर्षं झिरो सेटिंग, म्हणजे मोजण्याआधी काटा शून्यावर आणणं, शिकवणारा माणूस मी. वजनाला वेगळा काटा नको; मुलाला घेऊन उभे राहा, मग एकटे, आणि वजाबाकी करा. ठकीच्या वयात वर्षाला अंदाजे 6 ते 8 सेंटिमीटर आणि 2 किलो वाढ होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2006 च्या तक्त्यात तीन वर्षांच्या मुलींची मधली उंची 95.1 आणि चार वर्षांच्या मुलींची 102.7 सेंटिमीटर आहे. मधली म्हणजे निम्म्या मुली त्याखाली असतातच. ठकीही खालीच आहे. शेजारच्या मुलाशी तुलना कामाची नाही. एका रीडिंगवर आम्ही मशिन बंद करत नाही, रेषा कुठे चाललीय ते बघतो. ताप येऊन गेल्यावर अर्धा किलो उतरतो आणि भरून येतो. पण दोन-तीन नोंदी सलग सपाट आल्या, किंवा रेषा खाली वळली, तर नोंदी घेऊन डॉक्टरांकडे जा.

काही गोष्टींत मात्र पुढच्या तिमाहीची वाट बघायची नाही. आधी येत असलेलं हरवलं, म्हणजे शब्द, खेळ, चालणं, तर वय काहीही असो, लगेच दाखवा. मागून हाक मारल्यावर वळत नसेल, तर आधी कान तपासून घ्या. तिसऱ्या वर्षीही वाक्य नाही, खोटंखोटं खेळणं नाही, दुसऱ्या मुलांकडे बघणं नाही, तर "मुलगे उशिराच बोलतात" हे घरातलं वाक्य ऐकून थांबू नका. खर्चाची अडचण असेल तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे, 2013 पासून. अठरा वर्षांपर्यंत तपासणी मोफत. त्यांचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येतं आणि गरज पडली तर जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवतं. डॉक्टरांकडे जाताना कालनिर्णयची पानं न्या किंवा फोटो काढून न्या. "कधीपासून?" या प्रश्नाला तारीख सांगता येते.

शेवटी एक, पेन्सिल कॅलेंडरला दोऱ्यानं बांधा, पण उंच बांधा. आमची खाली होती. नोव्हेंबरात ठकीनं 'मी पण लिहिते' म्हणून सगळ्या रविवारांत गोल काढले, आणि दूधवाल्यानं ते जादा अर्धा लिटर समजून पैसे लावले. गोल मात्र बंद होते, दोन टोकं जुळलेली. 24 तारखेच्या चौकटीत तेवढं लिहून ठेवलंय.