जुनी गादी, उशी, गोधडी: धुण्याआधी आणि टाकण्याआधी या चुका टाळा

घटस्थापनेच्या आधी घरातले सगळे अंथरूण-पांघरूण बाहेर काढून धुण्याची पद्धत अजून पुष्कळ घरांत टिकून आहे, आणि पावसाळाभर दमट हवेत राहिलेल्या कपड्यांना ती मानवतेही. घोळ होतो तो ‘सगळे’ या शब्दामुळे. गोधडी, कापसाची गादी, सावरीची उशी, घोंगडी आणि फोमची गादी एकाच ढिगात पडतात आणि एकाच हिशेबाने धुतल्या किंवा टाकल्या जातात. वास्तविक एखादी वस्तू धुवायची की बदलायची, हे वरच्या कापडाच्या मळावरून नव्हे, तर आत काय भरले आहे यावरून ठरवावे लागते.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे कापसाची गादी भिजवणे. ही चूक मी स्वतः केली आहे. लहान मुलाने ओली केलेली एकेरी गादी मी गच्चीवर नळीच्या पाण्याने धुतली आणि तीन दिवस उन्हात घातली. वरचा गादीपाट पहिल्याच दुपारी खडखडीत वाळला. परंतु चौथ्या रात्री कुबट वास येऊ लागला म्हणून एका बाजूची शिवण उसवून पाहिली, तेव्हा आतला कापूस कणकेच्या गोळ्यांसारखा आवळून बसला होता आणि मधल्या गोळ्यांवर काळपट ठिपके धरले होते. कापूस स्वतःच्या वजनाच्या कितीतरी पट पाणी धरून ठेवतो, आणि जाड थराच्या पोटातली ओल निघण्याआधीच बुरशी हात मारून जाते, कारण तिला एक-दोन दिवस पुरतात. म्हणून डाग पडला असेल तेवढाच भाग ओलसर फडक्याने पुसावा, कोरडा टॉवेल दाबून पाणी टिपून घ्यावे आणि गादी दोन्ही बाजूंनी वारा लागेल अशी उभी करावी.

गादी दबून कडक झाली असेल, तर ती धुण्याचीही नव्हे आणि टाकण्याचीही नव्हे, पिंजून घेण्याची वेळ आलेली असते. त्याआधी शिवणीतून चिमूटभर कापूस काढून दोन्ही हातांनी हळूच ओढून पाहावा. तंतू लांब निघत असतील तर थोडा नवा कापूस घालून आणि खोळ बदलून गादी आणखी काही वर्षे चालते. तंतू तुटून बोटांवर भुगा उरत असेल, तर पिंजणावळ वाया जाते. पिंजताना समोर उभे राहावे, एवढे सांगून ठेवतो. आपलाच कापूस आपल्याकडे परत येतो याची खात्री तेवढ्यानेच होते.

सावरीच्या उशीला यातले काहीच लागू पडत नाही. तिचे तंतू पोकळ आणि मेणचट असतात, ते पिंजता येत नाहीत आणि जुने झाले की त्यांची भुकटी होते. उशी थापटल्यावर शिवणीतून बारीक धूळ उडू लागली की ती बदलावी. पॉलिएस्टर भरलेली उशी मात्र मशीनमध्ये धुता येते. ती मधोमध दुमडून सोडल्यावर आपोआप उलगडली नाही, तर धुण्याचा खटाटोप करू नये.

गोधडी धुताना माणसे मशीनच्या क्षमतेला फसतात. ७ किलोचे मशीन म्हणजे ७ किलो कोरडे कपडे, आणि भिजलेली गोधडी टबात एका बाजूला गोळा झाली की पाणी पिळण्याच्या वेळी मशीन आदळू लागते. तिला पाण्यात मोकळे हलता आले पाहिजे, नाहीतर ती हातानेच धुवावी. पिळू नये, कारण टाके तुटतात. रंग जातो का हे कळण्यासाठी आधी ओल्या पांढऱ्या फडक्याने प्रत्येक रंगाचा तुकडा घासून पाहावा. वरची साडी विरली म्हणून गोधडी टाकण्याची घाई नको. तिच्यावर दुसरी जुनी साडी घालून धावदोरा मारला की जुना थर आत जातो आणि ऊब वाढते.

घोंगडीला गरम पाणी आणि घासणे दोन्ही वर्ज्य आहे, कारण लोकर आटते. शिवाय चिंचोक्यांची खळ निघून गेली की तिचा ताठपणा जातो. ती झटकून उन्हात टाकावी, एवढे पुष्कळ. फोमच्या गादीला मात्र कडक ऊनही सोसत नाही. फोम पिवळा पडून ठिसूळ होतो, म्हणून ती सावलीत, वाऱ्यावर ठेवावी.

दमा किंवा धुळीची ॲलर्जी असलेल्या घरात केवळ उन्हावर विसंबणे ही चूक आहे. धुळीतले सूक्ष्म किडे डोळ्यांना दिसत नाहीत. चादरी आणि अभ्रे आठवड्याला ६० अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्यात धुतले तर ते मरतात. रक्ताच्या डागावर मात्र गरम पाणी कधीही घालू नये, डाग पक्का होतो.

ढेकूण झाले म्हणून गादी बदलणाऱ्यांची तर फजितीच होते. ढेकूण खाटेच्या सांध्यांत, भिंतीच्या भेगांत आणि स्विचबोर्डामागेही असतात, त्यामुळे नवी गादी महिन्याभरात तशीच होते. आधी खाट आणि खोली यांचा बंदोबस्त करावा, मग गादीचा निर्णय घ्यावा. टाकायचीच झाली, तर ती उघडी जिन्यावरून ओढत नेऊ नये आणि कोणाला वापरायलाही देऊ नये. जाड प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून, बांधून, वर ठळक अक्षरांत ‘ढेकूण आहेत’ असे लिहून मगच बाहेर काढावी.