ड्रेनसकट घरी सोडलंय? मग हे आधी वाचा

आईचं ब्रेस्टचं ऑपरेशन झालं आणि डिस्चार्जच्या वेळी सिस्टरने काखेखालून निघालेली नळी आणि तिला लटकणारा प्लास्टिकचा डबा, म्हणजे जखमेत साठणारं पाणी बाहेर काढणारा ड्रेन, दाखवून "हे रोज रिकामं करायचं" एवढंच सांगितलं, आम्ही माना डोलावल्या आणि घरी येऊन एकमेकींची तोंडं बघत बसलो.

तो डबा म्हणजे नुसती बाटली नाही हं. दाबून हवा काढली की तो परत फुगायला बघतो आणि त्या ओढीनेच आतलं पाणी बाहेर येतं. पाणी नसतानाच डबा टम्म फुगलेला दिसला तर व्हॅक्युम गेलाय, परत दाबून बंद करा, तरी फुगत राहिला तर डॉक्टरांना फोन.

रिकामं करताना आधी साबणाने हात धुवा, नळीचा क्लॅम्प (नळी बंद करायची चिमटी) लावा, बूच उघडून पाणी मापाच्या कपात ओता, मग डबा पूर्ण चेपून धरा आणि चेपलेला असतानाच बूच लावा, शेवटी क्लॅम्प उघडा. हा शेवटचा क्लॅम्प आम्ही एकदा विसरलो आणि रात्रभर ड्रेन बंद! बुचाला आतून बोट लावू नका. पाणी टॉयलेटमध्ये टाका.

वहीत तारीख, वेळ, एमएल आणि रंग लिहा, दोन ड्रेन असतील तर वेगवेगळं. लाल, मग गुलाबी, मग पिवळसर असा रंग बदलत जातो. २४ तासांत ३० एमएलपेक्षा कमी, तेही लागोपाठ दोन दिवस, असं झालं की बहुतेक सर्जन ड्रेन काढतात, त्यामुळे अंदाजपंचे आकडे नकोत.

नळी ओढली जाणं हा खरा वैताग. आईची नळी दाराच्या कडीत अडकली होती, नशिबाने टाका निघाला नाही. मग जुन्या साडीची पिशवी शिवून गळ्यात घातली, डबा जखमेच्या खालीच राहील एवढ्या लांबीची. ड्रेन निघेपर्यंत अंग पुसूनच घ्या, डॉक्टर हो म्हणाले तरच अंघोळ.

अचानक लालभडक रक्त वाढलं, पाणी एकदम थांबून सूज आली, पू किंवा वास आला, ताप १००.४ च्या वर गेला तर सकाळची वाट बघू नका. नळी बाहेर आली तर आत ढकलायची नाही, स्वच्छ गॉज दाबून धरा आणि हॉस्पिटल गाठा.

काढल्यावर भोकातून एक-दोन दिवस थोडं पाझरतं. नंतर तिथे पाण्याचा फुगा आलाच तर डॉक्टर सुईने काढतात, आईचा दोनदा काढला.